हरवलेल्या ठोकळ्याचा नंबर

हेडफोन लावले असतील तर आधी हा आवाज ऐका.

टक्.

ऐकलात? जे वाचतायत त्यांच्यासाठी सांगतो. प्लॅस्टिकचे दोन ठोकळे एकमेकांत बसले, त्याचा हा आवाज. त्यातला एक १९७९ साली निघालेल्या सेटमधला आहे, पुण्याच्या जुन्या बाजारातून पिशवीत भरून आणलेला. दुसरा अगदी अलीकडच्या खोक्यातला. दोन्ही डेन्मार्कच्या लेगो कंपनीचे. दोघांच्या वयात चाळीस वर्षांपेक्षा जास्त अंतर आहे आणि तरी ते असे बसले, जणू काल एकाच मशीनमधून बाहेर पडलेत.

आजचा विषय तोच. ठोकळ्यांचे जुने, मोडलेले, अर्धे हरवलेले सेट मोठेपणी सुट्या पार्टमधून पुन्हा उभे करणं. जगभर हजारो मोठी माणसं हा उद्योग करतात. नोकरी करणारी, लग्न झालेली, केस पिकलेली माणसं. त्यांच्याबद्दल बोलताना बहुतेक जण म्हणतात, की ती आपलं बालपण परत मिळवतायत. असेलही. माझ्या बाबतीत ते खरं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी निमोण्याचा, शिरूर तालुक्यातला. आमच्या लहानपणी हे सेट आमच्या घरात काय, गावातही कुणाकडे नव्हते. त्यामुळे परत मिळवायला माझ्याकडे काही नाही. मी रांजणगाव एमआयडीसीत टूल रूममध्ये काम करतो, प्लॅस्टिकच्या मोल्डची देखभाल. मला या ठोकळ्यांत ओढलं ते एका प्रश्नानं. चाळीस वर्षांनंतरही तो पार्ट बसतो कसा? आमच्याकडे तर मोल्ड थोडा झिजला, की कडेला पापुद्रा यायला लागतो आणि सकाळच्या शिफ्टचा माल संध्याकाळच्या मालाशी जुळत नाही.

लहानपणीचे ठोकळे आठवतात ते जत्रेतले. रांजणगावच्या गणपतीला गेलं की रस्त्याच्या कडेच्या दुकानात जाळीच्या पिशवीत रंगीत ठोकळे टांगलेले असायचे. लाल, पिवळे, हिरवे. एका वर्षी घेतलेले दुसऱ्या वर्षीच्या पिशवीतल्यांशी जुळायचे नाहीत. एकाचं बटण जाड, दुसऱ्याचं बारीक. चार ठोकळे हरवले की खेळ संपला, कारण त्या मापाचे चार कुठेच मिळणार नाहीत. ठोकळा मोडला म्हणून खेळ थांबला असं क्वचितच व्हायचं, जोडीदार मिळत नाही म्हणून थांबायचा. हे लक्षात ठेवा, आजची सगळी गोष्ट इथेच फिरणार आहे.

आता जरा डेन्मार्कला जाऊ. बिलुंड नावाचं छोटं गाव, तिथे ओले किर्क क्रिस्टियानसेन नावाचे सुतार. तीसच्या दशकातली मंदी आली, घरं बांधणारं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा १९३२ मध्ये त्यांनी लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. १९३४ मध्ये धंद्याला नाव दिलं लेगो. डॅनिश भाषेत 'लेग गोट' म्हणजे छान खेळ, त्याचं आखडलेलं रूप. आपल्या सावंतवाडीचे कारागीर लाकडाची फळं, बाहुल्या, भातुकली करतात ना, साधारण त्याच जातीचा धंदा.

मग दुसरं महायुद्ध संपलं आणि प्लॅस्टिक आलं. ओले किर्क यांनी प्लॅस्टिकचं इंजेक्शन मशीन विकत घेतलं. लाकूडकाम करणाऱ्या छोट्या कारखान्यासाठी ही उडी फारच मोठी होती. त्याच सुमाराला त्यांच्या हातात एक इंग्लिश ठोकळा पडला. आणि इथे एक माणूस येतो, ज्याचं नाव या कथेत नेहमी शेवटी घेतलं जातं, किंवा घेतलंच जात नाही.

हिलरी पेज. इंग्लंडचे. किडीक्राफ्ट नावाची त्यांची खेळण्यांची कंपनी. मुलं खेळतात कशी, हे बघून खेळणी करणारा माणूस. त्यांनी १९४७ मध्ये प्लॅस्टिकचे, वर बटणं असलेले, एकावर एक घट्ट बसणारे पोकळ ठोकळे बाजारात आणले. बाजूला चिरा ठेवल्या, त्यात खिडक्या-दारं बसवायची सोय. त्याचं पेटंटही घेतलं होतं. पण ते पेटंट डेन्मार्कमध्ये नव्हतं. लेगोनं १९४९ मध्ये जो ठोकळा काढला तो पेज यांच्या ठोकळ्याचाच थोडा बदललेला अवतार होता. कंपनी आज हे नाकारत नाही. पेज १९५७ मध्ये गेले, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. डेन्मार्कमध्ये आपल्या ठोकळ्याचं काय चाललंय हे त्यांना कधी कळलंच नाही, असं सांगतात. पुढे १९८१ मध्ये लेगोनं किडीक्राफ्टच्या ठोकळ्याचे उरलेले हक्क विकत घेतले.

मला या माणसाबद्दल वाईट वाटतं. पण एक गोष्ट टूल रूमवाला म्हणून मान्य करावी लागते. पेज यांचा ठोकळा, आणि लेगोचा १९४९ चा ठोकळासुद्धा, नीट धरत नव्हता. आतून पूर्ण पोकळ. खालच्या ठोकळ्याची बटणं वरच्याच्या फक्त भिंतींना घासून बसायची. उंच मनोरा रचून उचलला की मधूनच सुटायचा. हा प्रश्न सुटला २८ जानेवारी १९५८ ला. ओले किर्क यांचा मुलगा गोडफ्रेड यानं त्या दिवशी डेन्मार्कमध्ये पेटंटचा अर्ज दिला. बदल काय, तर ठोकळ्याच्या पोटात नळ्या. दोन बाय चारच्या ठोकळ्यात तीन नळ्या. हातात ठोकळा असेल तर उलटा करून बघा. आता खालचं बटण भिंत आणि नळी यांच्यामध्ये चेपून बसतं, प्रत्येक बटणाला तीन ठिकाणी धरलं जातं. कुठल्याही बाजूनं सरकवून लावा, धरणारच.

घरातलं उदाहरण द्यायचं तर स्टीलच्या डब्याचं झाकण. चांगल्या डब्याचं झाकण हलकं दाबून बसतं, उलटा धरला तरी पडत नाही, आणि आजीच्या हातानंही उघडतं. त्याला ना चिकटपट्टी ना स्क्रू. सगळी करामत मापाची. एक केसभर सैल, तर डाळ सांडली. एक केसभर घट्ट, तर पकड घेऊन बसा.

ठोकळ्याचं माप सांगतो. बटणापासून बटणापर्यंत ८ मिलीमीटर. बटणाची रुंदी ४.८. ठोकळ्याची उंची ९.६, आणि चपट्या पार्टची ३.२, म्हणजे तीन चपटे एकावर एक ठेवले की बरोबर एक ठोकळा. मोल्ड सांभाळतात ते एका मिलीमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशोबानं. आधी वापरलेलं प्लॅस्टिक, सेल्युलोज ॲसिटेट, काही वर्षांनी वाकायचं. १९६३ पासून ते बदलून एबीएस वापरायला लागले. तेच एबीएस, ज्याच्या दाण्याची पोती आमच्या एमआयडीसीत ट्रकमधून उतरतात. गाड्यांचे पार्ट, मिक्सरची बॉडी, तुमच्या चार्जरचं कवच, या सगळ्यांत हेच किंवा याचं भावंड सापडेल.

म्हणजे पदार्थात जादू नाही. जादू आहे ती १९५८ ला ठरवलेलं माप आजवर न हलवण्यात. विचार करा, या काळात किती वेळा हलवण्याचा मोह झाला असेल! थोडं माप बदललं असतं तर जुने ठोकळे निकामी, सगळ्यांना नवे घ्यावे लागले असते. फोनच्या चार्जरची पिन किती वेळा बदलली ते तुम्हीच मोजा. कंपनी काही धर्मादाय संस्था नाही, जुना ठोकळा चालतो म्हणूनच लोक नवा घेतात हे तिचं साधं गणित आहे. तरी त्या गणिताचा फायदा माझ्यासारख्याला मिळतो, हेही तितकंच खरं.

जाता जाता एक आकडा. एकाच रंगाचे दोन बाय चारचे सहा ठोकळे घेतले तर ते किती तऱ्हांनी जोडता येतील? कंपनी बरीच वर्षं १० कोटी २९ लाखांच्या आसपास आकडा सांगायची. मग कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी कॉम्प्युटरवर मोजलं. उत्तर आलं ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. आधीच्या हिशोबात फक्त सरळ वर चढणारे मनोरे धरले होते. सहा ठोकळे, मंडळी. सहा.

आता मूळ कामाकडे. जुना सेट पुन्हा उभा करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

मी निवडला ९२८ नंबरचा सेट. १९७९ चं निळं-राखाडी अवकाशयान. अमेरिकेत तोच ४९७ नंबरनं विकला गेला, गॅलेक्सी एक्सप्लोरर या नावानं. ३३८ पार्ट. पिवळ्या पारदर्शक काचा, मागून उघडणारं पोट, पोटात छोटी गाडी, आणि चार अंतराळवीर, दोन लाल, दोन पांढरे. हात-पाय हलवणारी ती छोटी माणसं तेव्हा नवीनच होती, १९७८ ची. कंपनीनं २०२२ मध्ये याच यानाचा नवा, मोठा अवतार काढला, १२५४ पार्टचा. पैसे टाकले की तो यायचा. मला तो नको होता. मला बघायचं होतं, की जुना सेट कचऱ्यातून उभा राहतो का.

कचरा आला जुन्या बाजारातून. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरतो तो. ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा जाऊन या, पण पाकीट सांभाळून. तिथे घड्याळांच्या ढिगाशेजारी, पितळी कुलपांशेजारी एका पोत्यावर खेळण्यांचा गठ्ठा असतो. कुणाचा मुलगा परदेशातून परत आलेला, कुणाचं घर रिकामं झालेलं, कुणाचा भंगारवाला. त्यात लेगो, नकली लेगो, पत्ते, डोकं तुटलेल्या बाहुल्या, सगळं एकत्र. मी पिशवी आणली, घरी आलो, आईनं विचारलं, "हे कुणाच्या पोरासाठी?" उत्तर देणं अवघड होतं.

पहिलं काम धुणं. कोमट पाणी, साधा साबण, जुना दात घासायचा ब्रश. कढत पाणी नको, पार्ट वाकतात. मग निवडणं. नवखे लोक रंगानं निवडतात. आपल्याकडे तूर आणि हरभरा वेगळा काढतो तसं. पण शंभर निळ्या पार्टमध्ये एक बारीक निळा पार्ट शोधणं म्हणजे डोळे जाणं. आकारानं निवडायचं. मग एका वाटीत पाच रंगांचे एकाच आकाराचे पार्ट पडतात आणि हवा तो रंग डोळ्यांत भरतो. माझं निवडणं सुपात चालतं. आईचं सूप, परवानगीनं.

आणि मग नंबर. ठोकळा उलटा करा, आत बारीक अक्षरात आकडा असतो. प्रत्येक पार्टवर असतोच असं नाही, फार जुन्यांवर बरेचदा नसतो, पण जिथे आहे तिथे काम सोपं. दोन बाय चारचा ठोकळा ३००१. दोन बाय दोनचा ३००३. एक बाय दोनचा ३००४. एक बाय एकचा ३००५. हा मोल्डच्या डिझाइनचा नंबर. मोटारसायकलचा स्पेअर मागताना शिरूरच्या दुकानात आपण पार्ट नंबर सांगतो ना, अगदी तसाच. हौशी माणसांनी जुन्या सेटच्या याद्या करून ठेवल्यात. कुठल्या सेटमध्ये कुठल्या नंबरचा, कुठल्या रंगाचा पार्ट किती. म्हणजे तुमच्याकडे खोकं नसलं, कागद नसला, तरी यादी आहे. ठोकळा हरवलेला असतो, त्याचा नंबर हरवत नाही.

यादीवर टिकमार्क करत गेलो आणि एकेक अडचण पुढे आली. ती सांगितलीच पाहिजे, कारण माप जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही.

पहिली राखाडी रंगाची. कंपनीनं २००४ च्या सुमाराला राखाडी रंग बदलला. जुना राखाडी किंचित पिवळट, नवा निळसर. वेगवेगळे बघितले तर कळणार नाहीत, शेजारी लावले की यानाच्या पंखाला ठिगळ लावल्यासारखं दिसतं. त्यावेळी जगभरातले हौशी लोक फार चिडले होते. बाहेरच्यांना वाटेल, रंगाच्या एवढ्याशा फरकाला काय चिडायचं! पण लुगड्याला रफू करणाऱ्या माणसाला विचारा.

दुसरी पिवळेपणाची. पांढरे, राखाडी आणि निळेसुद्धा ठोकळे उन्हानं आणि वयानं पिवळे-हिरवट पडतात. एबीएसमधल्या रबरासारख्या घटकाची हवेशी आणि उन्हाशी प्रक्रिया होते. उपाय म्हणून लोक हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवतात. शिरूर तालुक्यात उन्हाची टंचाई नाही. पण जपून करा, हातमोजे घाला, जास्त वेळ ठेवलं तर रंगावर पांढरे ढग येतात, आणि काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो.

तिसरी अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाची. हनुवटीखालची पट्टी इतकी बारीक, की जवळपास प्रत्येक जुनं शिरस्त्राण तिथेच तडकलेलं मिळतं. टूल रूमवाला म्हणून सांगतो, ते डिझाइनच कमजोर होतं.

आणि चौथी, जी लहान मुलं असलेल्या घरांनी नीट ऐकावी. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातले अँड्र्यू टर्नर यांनी २०० जुन्या प्लॅस्टिक खेळण्यांची तपासणी केली, ती २०१८ मध्ये छापून आली. जुन्या लाल, पिवळ्या, काळ्या प्लॅस्टिकमध्ये कॅडमियम, शिसं असे घातक धातू सापडले. जुने लाल-पिवळे ठोकळेही त्यात होते. मोठ्या माणसानं हाताळून हात धुवावेत, एवढं पुरे. पण जे पोर प्रत्येक गोष्ट तोंडात घालतं, त्याच्या पुढ्यात सत्तर-ऐंशीच्या दशकातले ठोकळे टाकू नका. माझं यान फळीवर असतं, भाचीच्या हाताला पोचणार नाही इतकं वर.

आता पैशाची गोष्ट. न मिळालेले पार्ट परदेशातून मागवता येतात, एकेक पार्ट विकणारे लोक आहेत. पण आपल्याकडे खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, आणि २०२३ मध्ये ७० टक्के. खेळण्यांच्या सुट्या भागांनाही ते लागू झालं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. यामागचं कारण मी समजू शकतो. निकृष्ट, विषारी रंगाची स्वस्त खेळणी बाहेरून येऊन बाजार भरत होती आणि इथले कारखाने बसत होते. माझ्या ओळखीतल्या दोघांना त्यानंतर खेळण्यांचे मोल्ड करायचं काम मिळालं, हेही मी बघितलंय. पण हजार रुपयांच्या जुन्या पार्टवर सातशे रुपये मूळ शुल्क, वर बाकीचे कर, वर टपाल, हा हिशोब निमोण्यातल्या माणसाला झेपणारा नाही. मग जुना बाजार आणि धीर, दोनच साधनं उरतात.

तेव्हा मनात येतंच, की नकली पार्ट का लावू नये?

नकली हा शब्द मी आधी वापरला, पण तो पूर्ण बरोबर नाही. पेटंटची मुदत संपते. ती संपल्यावर कंपनीनं कोर्टात वेगळी वाट धरली. म्हणणं असं, की आठ बटणांचा हा आकार म्हणजे आमची ओळख आहे, ट्रेडमार्क आहे, तो दुसऱ्यानं वापरू नये. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००५ मध्ये हे फेटाळलं. मेगा ब्लॉक्सवाल्यांविरुद्धचा तो खटला. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०१० मध्ये तेच सांगितलं. बटणाचं काम धरणं आहे, आणि कामाच्या आकारावर कुणी कायमचा मालकी हक्क सांगू शकत नाही. नाव तुमचं, लोगो तुमचा, पण ८ मिलीमीटर सगळ्यांचे.

मला हा निकाल फार आवडतो. हिलरी पेज यांची गोष्ट आठवली की आणखी आवडतो. ज्यांनी स्वतः दुसऱ्याच्या ठोकळ्यावरून सुरुवात केली त्यांना आकार कायमचा कुलूपबंद करू दिला असता तर ते बरं दिसलं नसतं. आणि जत्रेतल्या त्या जाळीच्या पिशव्या आठवा. त्या कारखानदारांनी हेच माप धरलं असतं तर एका वर्षीचा ठोकळा दुसऱ्या वर्षी चालला असता.

तरी माझ्या ९२८ मध्ये मी दुसऱ्या कंपनीचा एकही पार्ट लावलेला नाही. लेगोचाच, पण नंतरच्या वर्षांतला असेल तर चालतो, अगदी नव्या राखाडीचाही, पोटात जिथे दिसत नाही तिथे. कुठला पार्ट कुठून आला ते वहीत लिहून ठेवतो. म्युझियमवाले हेच करतात, भर घातलेला भाग लपवत नाहीत. उद्या हा सेट कुणाच्या हातात गेला तर त्याला कळावं, यातलं १९७९ चं किती आणि नंतरचं किती. याउलट भाचीसाठी जे घर बांधून दिलं त्यात सगळी खिचडी आहे, आणि ते मस्त आहे.

पण मंडळी, ही सगळी परदेशी मापाची गोष्ट झाली. सुट्या भागांतून खेळणं उभं करायचा आपल्या पुणे जिल्ह्याचा एक वेगळाच इतिहास आहे, आणि तो मला लेगोपेक्षा मोठा वाटतो.

अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, १९७५ ची बॅच, आणि पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले, तिथे खेड्यातल्या शाळांसाठी विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम चालू होता. शाळेत ना प्रयोगशाळा, ना पैसे. आणि हा ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस आठवडे बाजारात फिरून बघतोय, की इथे काय मिळतं. त्यांना मिळाली सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. सायकलच्या दुकानात फूटभर घ्या, अगदी किरकोळ पैशात. आणि काड्यापेटीच्या काड्या.

नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची. झाला सांधा, तोही वाकणारा. तिसरी काडी लावायची तर नळीला मधोमध बाभळीचा काटा टोचून भोक पाडायचं. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, दाबा, लगेच वाकडा होतो. पूल, मनोरे, घरांची छपरं यांच्यात त्रिकोण का असतात हे पोराला फळ्यावर न लिहिता कळलं. आता सांगा, बाभळीचा काटा आमच्या तालुक्यापेक्षा जास्त कुठे मिळेल?

पुढे २००३ पासून २०१४ पर्यंत ते पुण्यातल्या आयुकामध्ये मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. कचऱ्यातून खेळणी, हीच त्यांची ओळख झाली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर मराठीसकट अनेक भाषांतली पुस्तकं फुकट आहेत, फोनवर उघडतात.

यात हुशारी कुठे आहे ते बघा. बिलुंडवाल्यांनी माप स्वतः ठरवलं आणि ते सांभाळायला कारखाना उभा केला. गुप्तांनी माप ठरवलंच नाही, गावात आधीपासून असलेलं उचललं. सायकलच्या व्हॉल्व्हचं माप देशभर एकच होतं, कारण सायकली तशा होत्या. काड्यापेटीची काडी देशभर साधारण एकच. म्हणजे सुट्या पार्टचा पुरवठा प्रत्येक गावात, किराणा दुकानात आणि पंक्चरवाल्याकडे तयार. हरवला पार्ट? दुकानात जा. ना नंबर, ना सीमाशुल्क.

अर्थात त्यालाही काळाची कात्री लागते. आमच्या गावात आता शाळेतली पोरंच काय ती सायकल चालवतात, आणि नव्या सायकलींना मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह येतो. मागच्या महिन्यात मी ती नळी मागितली तर पंक्चरवाल्यानं खणाच्या तळातून धूळ झटकून काढून दिली आणि वर विचारलं, "कशाला पायजे?" ज्या मापावर खेळ उभा, ते माप दुसऱ्याच कुणाच्या हातात होतं. ते बदललं की नळी खणाच्या तळाशी जाणार.

आणखी मागे जायचंय? मग आमच्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला चला. शाळेच्या पुस्तकात असेल तुमच्या, चार पायांच्या रांजणात पुरलेला माणूस सापडला ते गाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. संकालिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी नावं त्यात. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० पर्यंतची शेतकऱ्यांची वस्ती, शंभराहून जास्त घरं उघडी झाली. तिथे एका घरात कच्च्या मातीची एक डबी सापडली, आणि तिच्यासोबत डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला भोक. बैलाच्या पाठीला भोक. दोन्ही भोकांत एक काडी घातली की मूर्ती बैलावर उभी राहते.

ते खेळणं नव्हतं. अभ्यासक ती देवी मानतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण जोड बघा. दोन वेगळे भाग, एकमेकांसाठी केलेली भोकं, आणि मध्ये काडी. काडी तर कधीच कुजून गेली असणार. तीन हजारांहून जास्त वर्षांनी खोदणाऱ्यांना ती जोडी लागली कशी? भोकं जुळली म्हणून. मी टूल रूममध्ये हे सांगितलं तेव्हा आमचे एक जुने फिटर म्हणाले, "म्हणजे असेंब्ली ड्रॉइंग पार्टवरच होतं की."

प्लॅस्टिकचे ठोकळे इतके टिकतील का, हा प्रश्न त्या टर्नर साहेबांनीच घेतला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वाहून आलेले जुने ठोकळे त्यांनी जमवले, तसेच घरात राहिलेल्या ठोकळ्यांशी वजन आणि झीज ताडून बघितली. २०२० मध्ये आलेला त्यांचा अंदाज असा, की समुद्रात हे ठोकळे १०० पासून १३०० वर्षांपर्यंत राहू शकतात. त्या किनाऱ्यावर लेगो आजही सापडतं, कारण १३ फेब्रुवारी १९९७ ला टोकियो एक्सप्रेस नावाच्या जहाजावरून लाटेनं ६२ कंटेनर समुद्रात पडले, आणि त्यातल्या एकात लेगोचे ४८ लाखांच्या आसपास पार्ट होते. म्हणजे जुन्या बाजारातली माझी पिशवी मी उचलली नसती तर ते ठोकळे कुठेतरी उकिरड्यात शतकानुशतकं पडून राहिले असते. कुजणार तर नाहीतच. मग निदान यान तरी होऊ देत.

आणि हो, दिवाळीचा किल्ला विसरू नका. पुणे जिल्ह्यातलं प्रत्येक पोर दरवर्षी हेच करतं. माती नवी, दगड नवे, उतारावर पेरलेलं अळीव नवं. पण मावळे खोक्यातले जुने. तलवार मोडलेला मावळा बुरुजाच्या मागे, रंग उडालेला दरवाजात, महाराज वर सिंहासनावर. कुंभाराकडून दोन नवे आणायचे, ते जुन्यांपेक्षा एक बोट उंच निघतात आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. किल्ल्यात माप लागत नाही, म्हणून तो कधी अपुरा पडत नाही. लेगोवाल्यांची किल्ल्याकडे बघून थोडी जळायला हवी.

तर माझ्या ९२८ चा आजचा हिशोब. ३३८ पैकी ३२७ जमलेत. राहिले अकरा. त्यात पुढच्या पिवळ्या काचेचा एक पार्ट आहे, तो ओरखडे नसलेला मिळणं कठीण. एक लाल शिरस्त्राण, अर्थातच हनुवटीला न तडकलेलं. बाकी नऊ बारीकसारीक राखाडी चपटे पार्ट, जुन्या राखाडीतले. तुमच्या माळ्यावर, मावशीच्या घरी, आखातातून आलेल्या काकांच्या बॅगेत असा काही डबा असेल तर उघडा, ठोकळे उलटे करा आणि आतले नंबर मला लिहून पाठवा. राखाडी असेल तर फोटो दिवसाच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली दोन्ही राखाडी सारखेच दिसतात.

चला, भेटू पुढच्या भागात.